वाय-फायची रेंज फुल, तरी नेट चालत नाही? मग जगदीशचंद्र बोसांची गोष्ट वाचाच

मागच्या महिन्यात आपल्या छत्रपती संभाजीनगरात, गुलमंडीच्या मागच्या बाजूला एका अभ्यासिकेत मी वाय-फायचा अॅक्सेस पॉइंट बसवला. जुना वाडा, दगडी भिंती, खाली काउंटर आणि वर दोन हॉल. एमपीएससीची तयारी करणारी साठेक मुलं-मुली. बसवून घरी आलो आणि दुसऱ्याच दिवशी मालकांचा फोन आला. वरच्या हॉलमध्ये रेंज फुल दिसते, पण पान उघडत नाही. कुणाची टेस्ट सिरीज मध्येच अडकली होती, आणि ती पैसे भरून घेतलेली टेस्ट होती. म्हणजे माझी चूक फुकटात जाणारी नव्हती.

परत गेलो. मी लॅपटॉप उघडून बसलेलो असताना तिथल्या एका मुलीने विचारलं की दादा, एवढ्या जाड भिंतीतून वाय-फाय जातंच कसं? मी नेहमीचं उत्तर दिलं, लहरी असतात, जातात. तिचं समाधान झालं नाही. खरं सांगायचं तर माझंही झालं नाही. त्या रात्री वाचत बसलो आणि थेट १८९५च्या कलकत्त्यात जाऊन पोहोचलो.

कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये सदतिशीच्या आसपासचा एक प्राध्यापक प्रयोग दाखवत होता. एका खोलीत लहरी सोडणारं छोटं यंत्र, आणि ७५ फुटांवरच्या तिसऱ्या खोलीत त्या पकडणारं दुसरं. मध्ये तीन पक्क्या भिंती. शिवाय वाटेत बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर स्वतः बसलेले, म्हणजे लहरींना त्यांच्या अंगातूनही जायचं होतं. यंत्र सुरू झालं आणि पलीकडच्या खोलीत घंटा वाजली, पिस्तूल उडालं, दारूचा छोटासा स्फोट झाला. मधे तार नव्हतीच.

हे प्राध्यापक म्हणजे जगदीशचंद्र बोस. शाळेच्या पुस्तकात आपण त्यांना 'झाडांना जीव असतो' या एका ओळीत संपवतो. वाय-फायवाल्याने तरी असं करू नये.

जन्म ३० नोव्हेंबर १८५८, मयमनसिंह, म्हणजे आजचा बांगलादेश. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी. त्या काळात अशा घरातली मुलं इंग्रजी शाळेत जात, पण वडिलांनी मुलाला आधी बंगाली शाळेतच घातलं. शेजारी बसायला कोळ्याचा मुलगा आणि वडिलांच्या चपराशाचा मुलगा. मराठी माध्यमातून शिकून आता इंग्रजी मॅन्युअल चाळणाऱ्या माझ्यासारख्याला हे वाचून बरं वाटतं. पुढे कलकत्त्याचं सेंट झेवियर्स. तिथे फादर लाफॉन्ट हे प्रयोग करून दाखवणारे शिक्षक भेटले. १८८० मध्ये डॉक्टर व्हायला लंडनला गेले, पण ताप पाठ सोडेना, आणि शवविच्छेदनाच्या खोलीतल्या वासाने तब्येत आणखी ढासळली. मग केंब्रिजला विज्ञान. तिथे लॉर्ड रॅले शिकवायला होते.

१८८५ मध्ये परत येऊन कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात रुजू झाले, आणि खरी परीक्षा इथून सुरू झाली. त्याच कामासाठी भारतीय प्राध्यापकाला इंग्रजाच्या दोन तृतीयांश पगार. त्यात नेमणूक हंगामी, म्हणून त्याच्याही निम्मा. बोसांनी नोकरी सोडली नाही, शिकवणंही थांबवलं नाही. फक्त पगार घेणं बंद केलं. एक-दोन महिने नाही, तब्बल तीन वर्षं! घरी वडिलांचं कर्ज होतं. १८८७ मध्ये अबला दास यांच्याशी लग्न झालं, तेही याच काळात. शहरात भाडं परवडेना म्हणून दोघं चंदननगरला राहायचे आणि कॉलेजला जायला हुगळी नदी नावेने ओलांडावी लागायची. शेवटी सरकारने माघार घेतली. नेमणूक कायम झाली, मागच्या तारखेपासून पूर्ण पगार मिळाला, आणि त्यातून वडिलांचं कर्ज फिटलं.

प्रयोगशाळा मात्र नव्हतीच. कॉलेजच्या एका कोपऱ्यात २४ चौरस फुटांची जागा मिळाली. मोजून बघा, सहा फूट बाय चार फूट, एका पलंगाएवढी. यंत्रं विलायतेहून मागवायला पैसे नाहीत, म्हणून एका स्थानिक पत्रेकाम करणाऱ्या कारागिराला हाताशी धरलं आणि त्याच्याकडून एकेक भाग घडवून घेतला.

आता थोडं टेक्निकल, पण सोपं करून सांगतो. विद्युतचुंबकीय लहरी असतात हे जर्मनीच्या हर्ट्झने १८८७-८८ मध्ये दाखवून दिलं होतं. पण त्याच्या लहरी लांबलचक होत्या. त्या प्रकाशासारख्या वळतात का, परततात का, हे तपासायला आरसे आणि भिंगं अवाढव्य लागायची. बोसांनी उलटा विचार केला. लहरच छोटी केली तर सगळं टेबलावर मावेल. त्यांनी ती ५ मिलिमीटरपर्यंत आणली. आजच्या भाषेत ६० गिगाहर्ट्झ. तुमच्या घरच्या वाय-फायची लहर २.४ गिगाहर्ट्झला साधारण साडेबारा सेंटिमीटर असते आणि ५ गिगाहर्ट्झला सहा. म्हणजे बोस १८९०च्या दशकात त्या पट्ट्यात काम करत होते, जिथे वाय-फाय '८०२.११एडी' या नावाने एकविसाव्या शतकात पोहोचलं. भारतात ५जीसाठी २६ गिगाहर्ट्झचा पट्टा लिलावात आला तो २०२२ मध्ये.

लहर छोटी झाली की तिचा स्वभाव प्रकाशासारखा होतो. सरळ जाते, आडवं काही आलं की अडते. म्हणूनच ५ गिगाहर्ट्झचं नेट खोलीत सुसाट पळतं आणि भिंतीपलीकडे धापा टाकतं, तर २.४चं हळू असतं पण लांब पोहोचतं. बोसांनी हेच एकेका वस्तूवर तपासलं. गंधक, काच, डांबर, दगड, जे हाताला लागेल ते लहरीच्या वाटेत ठेवायचं आणि पलीकडे काय पोहोचतं ते मोजायचं. ज्यूटचे पीळ दिलेले तुकडे ठेवून लहरीची दिशा फिरते का तेही पाहिलं. मला सगळ्यात आवडलेला जुगाड म्हणजे रेल्वेचं वेळापत्रक! ब्रॅडशॉचं जाडजूड पुस्तक घेऊन पानांमध्ये वर्ख घातला. धातू, कागद, धातू, कागद असे थर झाले आणि लहरींसाठी चाळणी तयार झाली. पुस्तक एका बाजूने धरलं तर लहर आरपार, ९० अंशांत फिरवलं तर बंद.

हे वाचताना मला अभ्यासिकेतलं कपाट आठवलं. जिन्याखाली प्लग पॉइंट होता, म्हणून मी अॅक्सेस पॉइंट तिथल्याच लोखंडी कपाटावर ठेवून दिला होता. केबल वाचली, मालक खूश, मी खूश. पण धातू लहरी परतवतो. मी स्वतःच्या हाताने वायफायखाली आरसा लावला होता. घरी राउटर फ्रिजवर, टीव्हीमागे किंवा पाण्याच्या टाकीजवळ ठेवला असेल तर आजच हलवा. पाणी या लहरी शोषून घेतं. माणसाच्या अंगातही पाणीच असतं, त्यामुळे भरलेल्या हॉलमध्ये रेंज रिकाम्या हॉलपेक्षा कमी भरते. मी टेस्टिंग केलं होतं रविवारी सकाळी, हॉल रिकामा असताना.

पण कपाट हलवूनही 'रेंज फुल, नेट गुल' हे कोडं पूर्ण सुटलं नाही. त्याचं उत्तरही टाउन हॉलमध्येच सापडलं. बोसांच्या छोट्या यंत्राने एकट्याने ७५ फूट गाठले नसते. त्यांनी २० फूट उंच खांबावर धातूची गोल चकती बसवून ती लहरी सोडणाऱ्या यंत्राला जोडली. आणि तशीच दुसरी चकती पकडणाऱ्या यंत्रालाही. दोन्हीकडे! मी काय केलं होतं? अॅक्सेस पॉइंटची पॉवर सेटिंगमध्ये जाऊन फुल केली होती. त्यामुळे त्याचा आवाज वरच्या हॉलपर्यंत जोरात जायचा, फोनवर सगळे दांडे भरायचे. पण बिचाऱ्या फोनचा आवाज बारीक, तो खालपर्यंत पोहोचतच नव्हता. वाय-फाय म्हणजे बोलणं आहे, एकाने ओरडून चालत नाही. शेवटी पॉवर मध्यम केली, वरच्या हॉलमध्ये छताला दुसरा अॅक्सेस पॉइंट लावला आणि त्याला केबल स्वतंत्र दिली. दोघांचे चॅनल वेगळे ठेवले, २.४ला १ आणि ६. मग फोनवर वाय-फाय अॅनालायझर उघडून बाकाबाकाशी फिरलो. आकडा उणे ६५च्या आसपास किंवा त्याहून चांगला, म्हणजे शून्याकडे, असला की काम होतं. उणे ८० दिसला तर दांडे बघू नका, ते खोटं बोलतात.

बोसांचं डोकं मात्र सोडणाऱ्या यंत्रापेक्षा पकडणाऱ्या यंत्रात जास्त अडकलं. तेव्हा लहर पकडायला 'कोहेरर' वापरायचे. काचेच्या नळीत धातूचा कीस, लहर आली की कण चिकटायचे आणि वीज वाहायची. पण एकदा चिकटले की चिकटले. पुढचा संदेश हवा तर नळीवर टिचकी मारायची. आपण राउटर बंद करून चालू करतो ना, तेच, दर संदेशाला. त्यात बंगालची दमट हवा, धातूला गंज. बोसांनी कीस काढून पोलादाच्या बारीक स्प्रिंगा रांगेत बसवल्या, दाब कमी-जास्त करायची सोय केली आणि गंजू नये म्हणून त्यांवर कोबाल्टचा थर चढवला. १८९९ मध्ये त्यांनी लोखंड आणि पारा वापरून, टेलिफोनच्या रिसीव्हरला जोडलेलं, टिचकी न लागणारं साधन लंडनच्या रॉयल सोसायटीसमोर मांडलं.

मार्कोनीने डिसेंबर १९०१ मध्ये अटलांटिक महासागरापलीकडून आलेला संदेश ऐकला, तेव्हा त्याच्या कानाला टेलिफोन होता आणि साधन पाऱ्याचंच होतं. त्याचं मूळ बोसांच्या १८९९च्या निबंधात आहे, हे आयईईई या संस्थेच्या नियतकालिकात १९९८ मध्ये सविस्तर मांडलं गेलं. आपल्याकडे यावरून मार्कोनी चोर आणि बोस बिचारे असे मेसेज फिरतात. मला ते पटत नाही. लांबवर संदेश पाठवायचा धंदा उभा करणं हे मार्कोनीचं काम, आणि बोसांना त्या धंद्यात रस नव्हता. शोधातून पैसा करणं त्यांना नकोसं वाटायचं. भगिनी निवेदिता आणि सारा बुल यांनी फारच लावून धरलं, तेव्हा १९०१ मध्ये अमेरिकेत एक अर्ज गेला. गॅलेना या खनिजाच्या स्फटिकाने लहरी पकडायच्या यंत्राचं ते पेटंट २९ मार्च १९०४ रोजी मिळालं. अर्धवाहकाच्या साधनावरचं हे जगातलं पहिलं पेटंट मानतात. तुमच्या फोनमधली चिप त्याच कुळातली. बोसांनी ते पेटंट वापरलं नाही, मुदत संपू दिली. इथे मात्र मला त्यांचा थोडा राग येतो. त्या पैशातून केवढी प्रयोगशाळा झाली असती!

झाडांकडे ते वळले तेही याच यंत्रामुळे. सतत लहरी पकडून साधन मंदावतं आणि विश्रांती दिली की ताजं होतं, हे त्यांच्या लक्षात आलं. धातू थकतो, मग झाड? तिथून पुढे वनस्पतींची वाढ हजारो पटींनी मोठी करून दाखवणारा क्रेस्कोग्राफ आला. त्यांच्या काही निष्कर्षांवर शास्त्रज्ञांत वाद झाले, पण १९२० मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

आणि हो, आपल्या जिल्ह्याचाही एक धागा आहे. १९०९च्या हिवाळ्यात क्रिस्टियाना हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकार अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला उतरवत होत्या. निवेदितांच्या खटपटीने कलकत्त्याहून नंदलाल बोस वगैरे तरुण मदतीला आले. त्याच हंगामात निवेदितांबरोबर जगदीशचंद्र आणि अबलाही अजिंठ्याला आले. पुढे ३० नोव्हेंबर १९१७ रोजी, आपल्या एकोणसाठाव्या वाढदिवशी, त्यांनी कलकत्त्यात बोस इन्स्टिट्यूट उघडली, तेव्हा तिच्या सजावटीत अजिंठ्याची छाप उतरली आणि आतली चित्रं नंदलालांनी काढली. निवेदिता ते बघायला नव्हत्या, त्या १९११ मध्येच गेल्या. दारापाशी हाती दिवा घेतलेली स्त्री कोरली आहे, ती त्यांची आठवण.

बोस २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीहला वारले. त्यांच्या ६० गिगाहर्ट्झच्या प्रयोगांना आयईईईने २०१२ मध्ये मैलाच्या दगडाचा मान दिला. वाय-फायची ८०२.११ नियमावली बनवणारी संस्था हीच. अदृश्य प्रकाश विटांच्या भिंतीतून कसा जातो यावर त्यांनी स्वतः साध्या बंगालीत लिहिलं होतं. तो लेख १९२१च्या 'अव्यक्त' या पुस्तकात आहे.

अभ्यासिकेतल्या त्या मुलीला मी हे सगळं सांगितलं, तर तिने पेटंटची तारीख वहीत लिहून घेतली, परीक्षेला येईल म्हणून. वरचे दोन्ही हॉल आता नीट चालतात. मागची एक छोटी खोली राहिलीये. तिची भिंत दीड हाताची आहे आणि मालक काका दगडाला भोक पाडू देत नाहीत. वर एक जुना झरोका आहे, त्यातून केबल ओढायची ठरलीये. येत्या रविवारी शिडी घेऊन जातोय.