परक्या नगराचे हित पाहणारा व्यापारी

बेळगावहून रेल्वेने पुण्यास गेलेल्या आमच्या वाचकांस स्टेशनाजवळचे ससून रुग्णालय ठाऊक असेल. सांबऱ्याच्या आसपासच्या गावांतूनही कोणी ना कोणी तेथे आजाऱ्याच्या भेटीस गेलेला असतो. पण हे ससून कोण, असे विचारले तर पुष्कळांस सांगता येत नाही. हे नाव घर सोडून पळावे लागलेल्या एका यहुदी गृहस्थाचे आहे.

डेव्हिड ससून यांचा जन्म 1792 साली बगदाद शहरी झाला. यरुशलेमेहून पाडाव करून बाबेलास नेलेल्या लोकांचे आपण वंशज, असे तेथील यहुदी मानीत. डेव्हिड यांचे वडील सालेह हे त्या समाजाचे प्रमुख व सरकारी खजिनदार होते. पुढे दाऊद पाशा या सुभेदाराने यहुद्यांचा छळ मांडला, तेव्हा 1830 च्या सुमारास डेव्हिड यांना इराणच्या किनाऱ्यावरील बुशहर बंदरात आश्रय घ्यावा लागला. तेथून ते सहकुटुंब मुंबईस आले. वय चाळिशीचे, मुलूख परका. इंग्रजी त्यांस येत नव्हती व पुढेही ती ते शिकले नाहीत. 1853 साली ब्रिटिश नागरिकत्व घेताना त्यांनी सही केली ती हिब्रू अक्षरांत.

त्यांनी कापड व कापसाचा व्यापार आरंभिला. आठ पुत्रांस धंद्यात घातले व देशोदेशी पेढ्या काढल्या. शब्बाथ दिवशी पेढीचे काम बंद असे. धर्मादायाचा हिस्सा हिशेबातच वेगळा काढीत. आपण मिळकतीतून काय काढून ठेवतो, हे येथे आपणही स्वतःस विचारावे.

पैसा वाढला तसा त्यांचा हातही सैल झाला. बालगुन्हेगारांस तुरुंगाऐवजी हातचे काम शिकविणारी संस्था मुंबईत 1857 साली त्यांच्या साह्याने निघाली. भायखळ्यास त्यांनी सभास्थान बांधले. पुण्यात दुसऱ्या सभास्थानाचे काम सुरू केले. लाल विटांच्या त्या इमारतीस पुणेकर लाल देऊळ म्हणू लागले. पुण्याच्या रुग्णालयासाठी त्यांनी मोठी देणगी दिली, आणि ते कोणा एका जातीधर्माच्या लोकांकरिता नव्हते. 7 नोव्हेंबर 1864 रोजी पुण्यातच त्यांचे देहावसान झाले. रुग्णालय उघडले 1867 साली. त्याच्या दारातून आत जाणारा पहिला रोगी त्यांनी पाहिला नाही. त्यांची कबर लाल देवळाच्या आवारात आहे.

येथेच लेख संपविला असता तर वाचणाऱ्यास बरे वाटले असते. पण ते प्रामाणिकपणाचे झाले नसते. ससून घराण्याच्या संपत्तीत अफूच्या व्यापाराचाही मोठा वाटा होता. माळव्यात पिकलेली अफू मुंबई बंदरातून जहाजाने चीनला जाई. त्या व्यापारासाठी ब्रिटिशांनी 1839 ते 1842 पर्यंत चीनशी युद्ध केले, आणि 1844 साली डेव्हिड यांनी आपला एक पुत्र चीनला पेढी काढण्यास धाडला. तेथे कितीतरी कुटुंबे व्यसनाने धुळीस मिळाली. इंग्रजी कायद्याने हा धंदा गुन्हा नव्हता व मुंबईतील इतर धर्मांचे नामांकित व्यापारीही त्यात होते. तरी कायद्याने चालते ते सारे देवापुढे चालतेच असे नाही. पुण्यातील रोगी बरा झाला म्हणून चीनमधील व्यसनी माणसाचे दुःख पुसले जात नाही.

मग या जीवनापासून आपण काय घ्यावे? यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातील पत्र रविवारच्या शाळेच्या शिक्षकांनी मुलांस वाचून दाखवावे. बाबेलातील पाडाव लोकांना संदेष्टा सांगतो की, ज्या नगरात तुम्हांस नेले आहे त्याचे हित पाहा व त्यासाठी प्रार्थना करा. बगदाद सोडलेल्या या माणसाने परक्या मुंबई-पुण्याचे हित पाहिले. तेवढ्यापुरता त्याचा कित्ता गिरवावा. मात्र मुलांस दुसरा प्रश्नही विचारावा : दान देणारा हात उघडा आहे, पण मिळविणारा हात स्वच्छ आहे काय? दोन्ही हात एकाच माणसाचे असतात, आणि प्रभूपुढे आपण दोन्ही घेऊनच उभे राहतो.