बँडवरचे वंदे मातरम्

मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर हे गायक आणि संगीतकार म्हणून महाराष्ट्राला परिचित आहेत. मात्र त्यांच्या आयुष्यातील एका मोठ्या प्रयत्नाचा संबंध लष्करी बँडशी होता.

कृष्णरावांचा जन्म २० जानेवारी १८९८ रोजी आळंदी येथे झाला. बालवयातच ते नाटक मंडळीत दाखल झाले. पुढे भास्करबुवा बखले यांच्यासारखे थोर गुरू त्यांना लाभले. गंधर्व नाटक मंडळीनंतर पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीतही त्यांनी संगीत दिले. ‘माणूस’ (१९३९) आणि ‘शेजारी’ (१९४१) या चित्रपटांतील त्यांच्या चाली घरोघरी पोहोचल्या.

मैफलीत वंदे मातरम् गाण्याचा त्यांचा परिपाठ होता. पारतंत्र्याच्या काळात मुंबई नभोवाणी केंद्रावर त्यांनी हे गीत सुरू करताच प्रक्षेपण थांबवण्यात आले. या घटनेनंतर स्वातंत्र्य मिळेपर्यंत ते तेथे पुन्हा गायले नाहीत.

१९४७ नंतर राष्ट्रगीताचा प्रश्न पुढे आला. वंदे मातरम् बँडवर वाजवण्यास सोयीचे नाही, असा आक्षेप घेतला जात होता. आपल्या गायनातील मींड आणि गमक पितळी वाद्यांवर सहज उतरत नाहीत. शिवाय संचलनाला पावलांशी जुळणारी ठाम लय हवी असते आणि अनेक वादकांना एकाच वेळी वाजवता येईल अशी स्वरलिपी लागते. कृष्णरावांनी या अडचणी समजून घेतल्या. बँडच्या जाणकारांची मदत घेऊन त्यांनी सोपी, भारदस्त आणि सर्वांना एकत्र गाता येईल अशी चाल बांधली. ती बँडवर बसवून घेतली आणि दिल्लीत संविधान सभेच्या सदस्यांपुढे तिची प्रात्यक्षिके सादर केली.

अखेर २४ जानेवारी १९५० रोजी जन गण मन हे राष्ट्रगीत ठरले. वंदे मातरम् या गीतालाही समान सन्मान देण्यात आला. कृष्णरावांची चाल राष्ट्रगीताची चाल झाली नाही. परंतु हे गीत बँडवर वाजू शकते, हे त्यांनी सिद्ध करून दाखवले.

त्यानंतरही त्यांची संगीतसेवा थांबली नाही. १९५६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या इच्छेनुसार त्यांनी बुद्धवंदना स्वरबद्ध केली. १९७१ मध्ये त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला. २० ऑक्टोबर १९७४ रोजी त्यांचे निधन झाले.

आक्षेपाला त्यांनी वादाने नव्हे, तर कामाने उत्तर दिले. यश पदरी पडो वा न पडो, मनापासून केलेले काम वाया जात नाही, हेच त्यांचे जीवन सांगते.