बिनतारी विद्येचे प्रवर्तक मार्कोनी

पावसाळ्याच्या आरंभी आमच्या यवतमाळ जिल्ह्यात विजा कडाडू लागल्या म्हणजे रेडिओत खरखर सुरू होई आणि दूरच्या केंद्राचा आवाज मध्येच बुडून जाई, ही आठवण आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरच्या वडील मंडळींस असेल. मग कोणी एरियलची तार हलवून पाही, कोणी यंत्र फिरवून ठेवी, व कोणी त्यावर एक थाप मारून मोकळा होई. दूर अंतरावरील बिनतारी संबंध तुटला असता दोष तारेत, यंत्रात की वाटेतल्या आकाशात, हे ओळखणे मुळीच सोपे नाही. ज्या पुरुषाने ह्या एकाच प्रश्नापायी आपल्या आयुष्याची चाळीस वर्षे वेचली, त्या गुल्येल्मो मार्कोनी यांचे चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थिबंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

मार्कोनी यांचा जन्म इटलीतील बोलोन्या शहरी ता. २५ एप्रिल १८७४ रोजी झाला. वडील इटालियन जमीनदार होते. आई अॅनी जेम्सन ही आयर्लंडची. शाळेतील अभ्यासात ह्या मुलाने काही नाव काढले नाही व विश्वविद्यालयातही त्याचा प्रवेश झाला नाही. परीक्षेतील गुणांवरून मुलांची किंमत ठरविणाऱ्या पालकांनी ह्या गोष्टीकडे जरूर लक्ष द्यावे. हर्ट्झ ह्या जर्मन पंडिताने विद्युल्लहरींचे अस्तित्व प्रयोगाने सिद्ध केले होते. त्या लहरींवरून संदेश धाडता येईल, ह्या कल्पनेने वीस वर्षांच्या मार्कोनींना झपाटले. घराच्या माळ्यावर प्रयोग सुरू झाले. १८९५ साली त्यांनी तारेचे एक टोक उंच टांगले व दुसरे जमिनीत पुरले, तेव्हा संदेश टेकडीपलीकडे जाऊन पोहोचला. पुढल्या वर्षी आईसह ते इंग्लंडास गेले.

तेथे मे १८९७ मध्ये ब्रिस्टलच्या खाडीवर घडलेली हकीगत लक्षात ठेवण्याजोगी आहे. लाव्हरनॉकच्या कड्यावरून समुद्रातील फ्लॅट होम बेटापर्यंतचे अंतर अवघे तीन-सव्वातीन मैल. पण दोन दिवस खटपट करूनही संदेश धड लागेना. पाहावयास विद्वान मंडळी जमलेली. अशा वेळी यंत्राची कळ न् कळ सोडवून बसण्याचा मोह होतो. मार्कोनींनी यंत्र तसेच ठेवले. ते कड्यावरून खाली वाळूवर नेले आणि एरियलला आणखी तार जोडून तिची लांबी वाढविली. तिसऱ्या दिवशी संदेश स्पष्ट उमटला. यंत्रात दोष नव्हताच. तार आखूड पडत होती. दोन वर्षांनी, १८९९ साली, त्यांचा संदेश इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्सास गेला. हे अंतर सुमारे बत्तीस मैलांचे, म्हणजे यवतमाळहून दारव्ह्याच्या रस्त्यापेक्षा फारसे अधिक नव्हे. पण त्या काळी ते मोठेच नवल होते.

आता त्यांनी अटलांटिक महासागरावर दृष्टी लावली. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाजवळ पोल्डू येथे दोनशे फूट उंचीचे वीस खांब वर्तुळाकार उभे केले. ह्या रचनेत एक खोट होती. खांबांची डोकी एकमेकांस तारांनी बांधलेली असल्यामुळे एक पडला की सर्वांनी पडावे, अशी तिची घडण होती. व्हिव्हियन नामक त्यांच्याच अभियंत्याने ही शंका आधी काढली होती. ती मानली गेली नाही. १७ सप्टेंबर १९०१ च्या वादळात सगळे वर्तुळ कोसळले, आणि नोव्हेंबरात अमेरिकेतील केप कॉड येथील तशाच खांबांचीही तीच गत झाली. मार्कोनींनी पोल्डूला पंख्याच्या आकाराचे लहान एरियल घाईने उभारविले, आणि केप कॉडऐवजी इंग्लंडास अधिक जवळ असलेले न्यूफाउंडलंड निवडून केंप व पॅजेट ह्या दोन सहाय्यकांसह तिकडचा रस्ता धरला.

सेंट जॉन्स बंदरावरील सिग्नल हिल ह्या टेकडीवर डिसेंबरातील वारा इतका बेफाम होता, की तार वर नेणारा फुगा सुटून गेला. पतंग चढविला, तोही तुटला, दुसरा टिकला. पण वाऱ्याने तो खालीवर होताच तारेची विद्युत्-स्थिती बदले, व विशिष्ट लहरीशी जुळविलेले ग्राहक यंत्र निरुपयोगी ठरे. मार्कोनींनी ते बाजूस ठेवून जुन्या साध्या पद्धतीचे यंत्र घेतले. कागदी फितीवर ठिपके उमटविणारी योजनाही त्यांनी सोडली, कारण क्षीण संदेशाने ती हालत नसे; तिच्या जागी टेलिफोनचे कर्णयंत्र कानास लावले. १२ डिसेंबर १९०१ रोजी दुपारी त्यात तीन ठिपके ऐकू आले. इंग्रजी एस् अक्षराची ती खूण सुमारे एकवीसशे मैलांवरून आली होती. पाऱ्याचा उपयोग करणारा जो शोधक त्यांनी त्या दिवशी वापरला, तशा प्रकारच्या उपकरणाचे वर्णन आमचे जगदीशचंद्र बोस यांनी १८९९ सालीच प्रसिद्ध केले होते, हे भारतीय वाचकांस ठाऊक असावे.

ऐकणारे दोघेच, आणि फितीवर पुरावा नाही. तेव्हा लोकांनी शंका घेतली, व ती घेण्यासारखीच होती. म्हणून फेब्रुवारी १९०२ मध्ये मार्कोनी फिलाडेल्फिया जहाजाने निघाले व वाटेत येणारे संदेश फितीवर उमटवून घेत गेले. रात्री खुणा दोन हजार मैलांपलीकडे लागत. दिवसा सातशे मैलांतच त्या नाहीशा होत. सूर्यप्रकाशाशी ह्या लहरींचे काही वैर आहे, हे तेव्हा प्रथम कळले. त्याच वर्षी कॅनडातील ग्लेस बे येथे मोठे केंद्र उभारले गेले. तेथे कित्येक रात्री एकही खूण न लागावी, तारांची मांडणी पुनःपुन्हा बदलावी, एखाद्या रात्री लागावी व दुसऱ्या रात्री पुन्हा सर्व सामसूम, असा क्रम चालला. डिसेंबरात पहिले संदेश गेले खरे. पण भरवशाची व्यापारी तारसेवा सुरू व्हावयास १९०७ चा ऑक्टोबर उजाडावा लागला.

दरम्यान मार्कोनींची अशी समजूत झाली, की लहर जितकी लांब तितका दिवसाचा उपद्रव कमी. समजूत अगदीच खोटी नव्हती. तिच्या आधारे हजारो मीटर लांबीच्या लहरी, प्रचंड एरियल व अफाट वीजशक्ती ह्यांचा जमाना आला. १९०९ साली त्यांस ब्राउन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. १९१२ साली टायटॅनिक बुडाले तेव्हा बिनतारी संदेशामुळेच सातशेंवर जीव वाचले. अशा यशाच्या शिखरावर बसलेल्या मनुष्यास आपला मार्ग चुकला असेल हे सुचावे तरी कसे? दोनशे मीटरहून आखूड लहरी तर कुचकामी म्हणून हौशी मंडळींस खेळावयास दिल्या होत्या, आणि त्याच मंडळींनी १९२१ साली थोड्याशा शक्तीवर अटलांटिक ओलांडून दाखविला!

मार्कोनींनी आखूड लहरींचे प्रयोग महायुद्धकाळीच पुन्हा हाती घेतले होते. १९२३ साली ते आपल्या एलेत्रा नौकेतून केप व्हर्द बेटांकडे गेले. पोल्डूहून सत्त्याण्णव मीटरची लहर सुटत होती. तिची शक्ती एक किलोवॉटपर्यंत उतरविली तरी रात्री ती बलाढ्य केंद्रांहून स्पष्ट ऐकू येई. पुढल्या वर्षी बत्तीस मीटरची लहर बैरूतच्या बंदरात भर दिवसाही लागली. वातावरणाच्या वरच्या भागात विद्युन्मय थर आहेत. आखूड लहरी त्यांवर आपटून दूरदेशी उतरतात, आणि सूर्य ते थर बदलीत असल्याने दिवसाची लहर वेगळी व रात्रीची वेगळी ठेवावी लागते. लांब लहरींचा हट्ट ही आपलीच चूक होती आणि सर्वांनी आपलेच अनुकरण केले, असे त्यांनी पुढे उघडपणे कबूल केले.

ह्या शोधाचे फळ आमच्या महाराष्ट्रातही आले. १९२७ साली इंग्लंड व हिंदुस्थान ह्यांमधील बीम पद्धतीची बिनतारी तारसेवा सुरू झाली. प्रेषक केंद्र पुण्याजवळ खडकी येथे, आणि ग्राहक केंद्र यवतमाळच्या नैर्ऋत्येस सरळ रेषेत सुमारे २६५ मैलांवर दौंड येथे होते. दोन्ही दूर ठेवण्याचे कारण साधे आहे: स्वतःच ओरडत असता दुसऱ्याचे कुजबुजणे ऐकू येत नाही. तारांच्या पडद्यामागे परावर्तक तारांचा दुसरा पडदा उभारून लहर एकाच दिशेस सोडीत. इंग्लंडहून येणाऱ्या लहरी दोन, सुमारे सोळा मीटरची व सुमारे चौतीस मीटरची. फिलाडेल्फिया जहाजावर जी अडचण प्रथम दिसली, तिच्यावरील उपाय पंचवीस वर्षांनी असा दौंडच्या माळावर येऊन उभा राहिला.

मार्कोनी १९२३ साली मुसोलिनीच्या फॅसिस्ट पक्षात सामील झाले व अखेरपर्यंत त्या राजवटीचे मानकरी राहिले. त्यांच्या चरित्रातील हा भाग आम्हांस आवडत नाही, पण तो गाळून चरित्र सांगणे खरे होणार नाही. अखेरच्या वर्षांत हृदयविकाराने त्यांस ग्रासले, तरी त्याहूनही आखूड लहरींवरील त्यांचे प्रयोग चालूच होते. ता. २० जुलै १९३७ रोजी रोम येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या सन्मानार्थ अनेक देशांतील बिनतारी केंद्रांनी आपले प्रेषण दोन मिनिटे बंद ठेवले.