दोनावूरची अम्मा

महाराष्ट्रातून दक्षिणेकडे गेलेली सह्याद्रीची रांग जेथे संपत येते, त्या टोकाच्या पायथ्याशी, तमिळनाडूच्या तिरुनेलवेली जिल्ह्यात, दोनावूर नावाचे एक लहानसे खेडे आहे. कन्याकुमारी तेथून फार दूर नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी या गावात एक आयरिश स्त्री राहावयास आली आणि अखेरच्या श्वासापर्यंत तेथेच राहिली. भारतात पाऊल ठेवल्यापासून पंचावन्न वर्षांत ती एकदाही मायदेशी परतली नाही. तिचे नाव एमी कारमायकेल. तिच्या चरित्रात मोठी पदे नाहीत, गाजलेल्या सभा नाहीत. तान्ह्यांना दूध पाजणे, आजारी मुलांच्या उशाशी जागणे आणि निजण्यापूर्वी त्यांना गोष्टी सांगणे, अशा रोजच्या कामांनीच ते चरित्र भरलेले आहे.

एमीचा जन्म १६ डिसेंबर १८६७ रोजी उत्तर आयर्लंडमधील मिलआइल या समुद्रकाठच्या गावी झाला. सात भावंडांत ती थोरली. वडिलांच्या पिठाच्या गिरण्या होत्या आणि घर सुखवस्तू होते. तिच्या बालपणाची एक आठवण नेहमी सांगितली जाते. आपले तपकिरी डोळे आईच्या डोळ्यांसारखे निळे व्हावेत, अशी प्रार्थना करून ती चिमुरडी एका रात्री झोपली आणि सकाळी आरशात पाहून हिरमुसली. त्या न बदललेल्या डोळ्यांचा उपयोग तिला पुढे फार दूरच्या देशात व्हावयाचा होता.

तरुणपणी बेलफास्ट शहरात घडलेला एक प्रसंग तिच्या मनावर कायमचा कोरला गेला. रविवारची प्रार्थना आटोपून घरी परतताना जड बोचके घेतलेली एक गरीब वृद्धा तिला व तिच्या भावांना दिसली. त्यांनी तिला हात देऊन ओझे उचलले खरे; पण समोरून येणाऱ्या प्रतिष्ठित मंडळींच्या नजरा पाहून ती मुले लाजेने लाल झाली. आपण चांगले काम करीत असूनही आपल्याला लाज का वाटली, हा प्रश्न एमीला स्वस्थ बसू देईना. १८८५ मध्ये वडील वारले. त्यानंतरच्या काळात तिने शहरातील गिरणीकामगार मुलींसाठी काम सुरू केले. टोपी विकत घेण्याची ऐपत नसल्याने या मुली डोक्यावरून शाल पांघरत आणि सभ्य समाज त्यांच्याकडे तुच्छतेने पाही. एमीने मात्र त्यांच्यासाठी स्वतंत्र सभागृह उभे केले.

१८९३ मध्ये धर्मप्रचारक म्हणून त्या जपानला गेल्या. सुमारे पंधरा महिन्यांत प्रकृती ढासळली आणि त्यांना परतावे लागले. १८९५ मध्ये त्या भारतात, बंगळूर येथे आल्या व तेथून तिरुनेलवेली भागात गेल्या. तमिळ भाषा त्यांनी चिकाटीने आत्मसात केली, युरोपीय पोशाख टाकून साडी स्वीकारली आणि काही तमिळ स्त्रियांसह बैलगाडीतून गावोगाव हिंडू लागल्या. ख्रिस्ती धर्माचा प्रसार हाच त्यांचा हेतू होता. तो त्यांनी कधी लपविला नाही. आयुष्य असेच फिरतीवर जाणार, अशी त्यांची कल्पना होती.

मार्च १९०१ मध्ये सात वर्षांची एक मुलगी त्यांच्या दाराशी आली आणि ही कल्पना मोडली. मुलीचे नाव प्रीना. देवळाला वाहिण्यासाठी तिला एका घरात ठेवले होते. यापूर्वी एकदा पळून ती चालत आईकडे पोहोचली होती. पण आईने भीतीपोटी तिला परत पाठविले आणि पळाल्याची शिक्षा म्हणून तिच्या हातांना डागण्या दिल्या गेल्या. तरीही ती दुसऱ्यांदा पळाली आणि एमींच्या मांडीवर येऊन विसावली. लहान मुलींचे देवाशी लग्न लावावयाचे आणि पुढे त्यांचे आयुष्य इतरांच्या मर्जीवर सोडावयाचे, ही रूढी मराठी मुलखालाही अपरिचित नव्हती. जेजुरीच्या मुरळ्यांच्या दुःखाने महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांना असेच अस्वस्थ केले होते. प्रीनाकडून ऐकलेल्या हकिकतींचा शोध घेण्यासाठी एमी अंगाला कॉफीचा रंग लावून तमिळ स्त्रीच्या वेशात फिरत, असे सांगितले जाते. निळे डोळे असते, तर हे वेशांतर साधले नसते.

त्याच वर्षी दोनावूर हे त्यांचे कायमचे ठिकाण झाले. मुली एकेक करून येऊ लागल्या. मार्च १९०४ मध्ये एका भारतीय पाद्र्याने रात्रीच्या वेळी अवघे तेरा दिवसांचे बाळ आणून त्यांच्या ओटीत घातले. त्यानंतर तान्ह्या मुलीही येऊ लागल्या आणि कामाचे स्वरूपच पालटले. अंगावर पाजणारी दाई मिळणे कठीण होते. बाळांची घाण काढणे, दुपटी धुणे हे हलके काम आहे, असे सोबतच्या काही स्त्रियांनाही वाटे. शेवटी एमींनी ते आधी स्वतःच्या हातांनी केले.

येथेच त्यांच्या आयुष्यातील खरा पेच उभा राहिला. गावोगाव फिरून उपदेश करण्यासाठी त्या आल्या होत्या आणि आता पाळण्याची दोरी सोडून त्यांना उंबरठाही ओलांडता येईना. सहकारी मिशनरी विचारू लागले, की सुशिक्षित प्रचारिकेने आयाचे काम करीत बसावे काय? हा प्रश्न त्यांनी स्वतःलाही विचारला. मुले आईचे पाय बांधून ठेवतात, अशा अर्थाची एक तमिळ म्हण आहे. ती त्यांनी मनोमन मान्य केली आणि आपले पाय बांधू दिले. पुढे दोनावूरला येणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकासाठी हाच दंडक झाला: स्वयंपाक, झाडलोट, शुश्रूषा आणि प्रार्थना यांत उच्चनीच असे काही नाही.

हा निर्णय सुखाचा नव्हता. १९०५ च्या आरंभी काही तान्ही बाळे दगावली. ज्यांना जपून वाचवून आणले, त्यांनाच मातीआड करावे लागले. त्या दिवसांत एमींची आई आयर्लंडहून आली होती आणि मुलांची आजी होऊन वर्षभराहून अधिक काळ तेथे राहिली होती. लेकीच्या त्या कठीण काळात तिचा मोठा आधार झाला. तान्ह्यांना डॉक्टरांची मदत लवकर मिळावी म्हणून नेय्यूर येथील मिशन रुग्णालयाजवळ एक शिशुगृह काढण्यात आले. त्याची सारी जबाबदारी पोन्नम्माळ या तमिळ विधवेने उचलली. मापात दूध, वेळेवर आहार आणि काटेकोर स्वच्छता ही पथ्ये तिने अशी पाळली की तिच्या हाताखाली अनेक दुर्बल बाळे जगली. १९१५ मध्ये पोन्नम्माळ निवर्तली, तेव्हा एमींनी आपला उजवा हात गमावला.

१९१३ पर्यंत मुलांची संख्या १३० झाली आणि १९१८ पासून मुलग्यांनाही आश्रय मिळू लागला. एवढ्या पसाऱ्याला अनाथालयाची कळा येऊ द्यावयाची नाही, हा एमींचा कटाक्ष होता. एमी सर्वांच्या अम्मा होत्या. तमिळ कार्यकर्त्या म्हणजे अक्का, परदेशातून आलेल्या स्त्रिया म्हणजे चित्ती, अर्थात मावश्या, आणि पुरुष म्हणजे अण्णाची, थोरले भाऊ. कित्येक मुलांची जन्मतारीख कोणालाच ठाऊक नसे. म्हणून ज्या दिवशी मूल घरी आले, तो दिवस त्याचा सण म्हणून साजरा होई. आपण कोठे जन्मलो हे ठाऊक नसले, तरी आपले येथे येणे कोणालातरी आनंदाचे वाटले, एवढे त्या मुलाला आयुष्यभर पुरे. अम्मा मुलांसाठी गाणी रचीत. पुढे डोंगरात रानघर बांधले गेले. तेथे मुले झऱ्यात पोहत आणि झाडे, पाखरे ओळखू लागत.

येथे काम करणाऱ्या कोणालाही पगार नसे. पैशासाठी कोणापुढे हात पसरावयाचा नाही, असाही नियम होता. जे आपणहून येईल त्यात भागवावयाचे. १९२७ मध्ये दोनावूर फेलोशिप या नावाने संस्थेची रीतसर नोंदणी झाली.

विरोधही कमी नव्हता. मुली पळविल्याचे आरोप झाले, खटले भरले गेले. एका खटल्यात सात वर्षांच्या कारावासाची टांगती तलवार होती. तो १९१४ मध्ये निकालात निघाला आणि ते संकट टळले. मुलांना ख्रिस्ती संस्कारांत वाढविण्यावर तेव्हाही आक्षेप होता आणि आजही कोणी तो घेऊ शकेल. मात्र, ज्या मुलींच्या रक्षणासाठी त्या काळी कायदा पुढे येत नव्हता, त्यांना या घराने छत्र दिले, हे कोणालाही नाकारता येणार नाही.

सप्टेंबर १९३१ मध्ये एका नव्या दवाखान्याच्या जागेची पाहणी करताना संध्याकाळच्या अंधुक प्रकाशात अम्मा खड्ड्यात पडल्या. पाय मोडला, घोटा निखळला आणि त्या पुन्हा कधी पूर्ववत झाल्या नाहीत. पुढची जवळजवळ वीस वर्षे त्यांनी एका खोलीत काढली. ज्यांनी मुलांसाठी आपले पाय स्वेच्छेने बांधून घेतले होते, त्यांना आता अंथरुणाने बांधले. पण घराशी असलेला धागा तुटला नाही. मुले आणि कार्यकर्ते त्या खोलीत येत. वेदना सोसत अम्मा त्यांना पत्रे लिहीत, पुस्तके लिहीत.

दरम्यान बाहेरचे जगही बदलत होते. स्वतः देवदासीच्या पोटी जन्मलेल्या डॉक्टर मुथुलक्ष्मी रेड्डी यांनी मद्रासच्या विधिमंडळात या रूढीविरुद्ध आवाज उठविला होता. १९३४ मध्ये मुंबई इलाख्यात आणि १९४७ मध्ये मद्रास प्रांतात मुली देवाला वाहण्यास कायद्याने बंदी झाली. कायदा होण्यास जो काळ लागला, त्या काळात जन्मलेल्या मुली थांबू शकत नव्हत्या. त्यांना त्या रात्रीच दूध हवे होते.

१८ जानेवारी १९५१ रोजी अम्मांचे दोनावूर येथे निधन झाले. आपल्या कबरीवर दगड नसावा, अशी त्यांची इच्छा होती. मुलांनी ती पाळली आणि त्या जागी पाखरांना पाणी पिण्यासाठी एक लहानशी कुंडी उभारली. तिच्यावर ना जन्ममृत्यूच्या तारखा आहेत, ना कार्याची यादी. एकच शब्द कोरला आहे: अम्मा.