गुन्पेई योकोई

गुन्पेई योकोई (१० सप्टेंबर, १९४१ – ४ ऑक्टोबर, १९९७) हे जपानी अभियंते, खेळण्यांचे रचनाकार आणि निन्टेन्डो कंपनीच्या पहिल्या संशोधन व विकास विभागाचे प्रमुख होते. गेम अँड वॉच (१९८०) व गेम बॉय (१९८९) ही त्यांच्या विभागाची सर्वांत प्रसिद्ध निर्मिती होय. मध्ये पडदा, डाव्या अंगठ्याखाली अधिक चिन्हाच्या आकाराचे दिशादर्शक बटण, उजव्या अंगठ्याखाली क्रियेची बटणे आणि पाठीमागे सेल, हा हातातील खेळयंत्रांचा आज सर्वपरिचित असलेला साचा मुख्यतः या यंत्रांमधून रूढ झाला.

यंत्रासाठी सुटे भाग निवडताना सर्वांत नवा वा सर्वांत शक्तिशाली भाग टाळून, स्वस्त झालेला आणि ज्याच्या खोडी पुरेपूर माहीत झाल्या आहेत असा भाग घ्यायचा व तो अनपेक्षित ठिकाणी वापरायचा, ही योकोई यांची पद्धत होती. तिला त्यांनी दिलेल्या जपानी नावाचा शब्दशः अर्थ वाळलेल्या तंत्रज्ञानाचा आडवा विचार असा होतो. जपानी अभियंत्यांच्या बोलीत वाळलेले म्हणजे निकामी झालेले नव्हे. दीर्घ वापराने गुणदोष उघड झालेले आणि म्हणून भरवशाचे. मराठीत लोणच्यासंबंधी वापरला जाणारा मुरलेले हा शब्द त्या अर्थाच्या अधिक जवळ जातो.

प्रारंभीचा काळ

योकोई यांचा जन्म क्योटो येथे झाला. दोशिशा विद्यापीठातून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतल्यानंतर १९६५ मध्ये ते निन्टेन्डोत रुजू झाले. १८८९ मध्ये क्योटोतच स्थापन झालेली ही कंपनी त्या वेळी प्रामुख्याने हानाफुदा या जपानी खेळाचे व इतर पत्ते तयार करीत असे. पत्ते बनविणाऱ्या यंत्रांची देखभाल करणे, एवढेच योकोई यांचे काम होते. फावल्या वेळात त्यांनी स्वतःच्या करमणुकीसाठी कात्रीसारख्या जोडलेल्या पट्ट्यांचा, लांब होऊन वस्तू पकडणारा एक हात तयार केला. कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांच्या दृष्टीस तो पडला. कामाच्या वेळी खेळत बसल्याबद्दल बोलणी बसण्याऐवजी, त्याचे विक्रीयोग्य खेळणे बनविण्याची आज्ञा योकोई यांना मिळाली. अल्ट्रा हँड या नावाने १९६६ मध्ये बाजारात आलेल्या या खेळण्याचे दहा लाखांहून अधिक नग खपले आणि देखभाल विभागातील अभियंता खेळण्यांचा रचनाकार झाला.

पुढील काही वर्षांतील त्यांच्या खेळण्यांमध्ये भाग निवडण्याची त्यांची रीत स्पष्ट दिसते. लव्ह टेस्टर (१९६९) हे प्रेमाचे माप दाखविणारे खेळणे वस्तुतः साधे विद्युतप्रवाहमापक होते. दोघांनी एकेक टोक धरून एकमेकांचा हात हातात घेतला की शरीरांतून वाहणाऱ्या क्षीण प्रवाहानुसार काटा हलत असे. सौरघट विकण्यासाठी शार्प कंपनीच्या वतीने निन्टेन्डोत येणारे मासायुकी उएमुरा यांच्याशी झालेल्या संपर्कातून प्रकाश ओळखणारी खेळण्यातील बंदूक साकारली (१९७०); सौरघट वीजनिर्मितीसाठी न वापरता येथे नेमबाजीचे लक्ष्य म्हणून वापरला गेला. हेच उएमुरा पुढे निन्टेन्डोत आले आणि फॅमिकॉम या घरगुती खेळयंत्राचे शिल्पकार ठरले.

यांपैकी सर्वांत बोलके उदाहरण कमी प्रसिद्ध आहे. दूरनियंत्रित मोटारी त्या काळी महाग असत, कारण पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे अशा प्रत्येक हालचालीसाठी नियंत्रणाची सामग्री वाढे. योकोई यांच्या लेफ्टी आरएक्स (१९७२) या मोटारीला एकच आज्ञा कळत असे. ती सरळ धावे आणि बटण दाबले की डावीकडे वळे. गोलाकार मार्गावर शर्यत लावण्यासाठी तेवढे पुरेसे होते. कोणते भाग घ्यायचे याआधी कोणते वगळता येतील, हा प्रश्न योकोई विचारीत असत.

गेम अँड वॉच

शिनकानसेन या वेगवान रेल्वेने प्रवास करताना एक कंटाळलेला प्रवासी कॅल्क्युलेटरची बटणे उगाच दाबत बसलेला योकोई यांना दिसला. चारचौघांत नजरेत न भरता वेळ घालविता येईल असे छोटे यंत्र असावे, ही कल्पना त्यांना त्यातून सुचली. पुढे एकदा यामाउचींची मोटार चालविण्याची वेळ त्यांच्यावर आली असता त्यांनी ती सहज बोलून दाखविली. यामाउचींनी ती शार्प कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या कानावर घातली. कॅल्क्युलेटरच्या बाजारातील जीवघेणी किंमतस्पर्धा तोवर ओसरली होती आणि द्रवस्फटिक पडद्यांना (एलसीडी) शार्पला नवे गिऱ्हाईक हवे होते.

२८ एप्रिल, १९८० रोजी बॉल हा या मालिकेतील पहिला खेळ विक्रीस आला. त्याचे अंतरंग जवळजवळ कॅल्क्युलेटरचेच होते: शार्पची चार बिटांची चिप, घड्याळात घालतात तसले बटण सेल आणि ठरावीक आकृत्या उमटविणारा पडदा. कॅल्क्युलेटरमध्ये आकड्यांचे तुकडे जसे आधीच आखलेले असतात, तशी येथे माणसाची प्रत्येक अवस्था काचेवर आधीच आखलेली असे. चिप ती फक्त उजळवी वा विझवी. यामुळे एका यंत्रात एकाच मांडणीचा खेळ बसे, ही त्याची मर्यादा. परंतु यंत्र स्वस्त व चपटे झाले, सेल दीर्घकाळ टिकले आणि खेळ थांबल्यावर घड्याळ म्हणून त्याचा उपयोग होऊ लागला. या मालिकेतील यंत्रांची जगभरात ४ कोटी ३४ लाख इतकी विक्री झाली.

१९८२ मधील डॉन्की काँग या दुहेरी पडद्याच्या यंत्रासाठी योकोई यांनी अधिक चिन्हाच्या आकाराचे दिशादर्शक बटण योजले. घडी होणाऱ्या यंत्रात उभी दांडी बसविणे सोयीचे नव्हते. अंगठ्याला न पाहता दिशा कळावी, हाही हेतू होता. फॅमिकॉमच्या नियंत्रकावर आल्यानंतर हे बटण सर्वत्र रूढ झाले.

गेम बॉय

खेळाची कॅसेट बदलता येईल असे हातातील यंत्र बनविताना भागांच्या निवडीचा प्रश्न अधिक बिकट होता. १९८० च्या दशकाच्या अखेरीस रंगीत द्रवस्फटिक पडदे उपलब्ध होते. मात्र त्यांच्यामागे प्रकाशनळी लागे, ती सेल झपाट्याने संपवी आणि पडदाही महाग पडे. योकोई यांनी पार्श्वप्रकाश नसलेला, हिरवट पार्श्वभूमीवर चार छटा दाखविणारा १६० × १४४ बिंदूंचा पडदा निवडला. बाहेरून पडणारा उजेड परावर्तित करून तो दिसतो, म्हणून उन्हात उत्तम आणि अंधारात अजिबात नाही. हलत्या आकृत्यांचा मागे फराटा राही, तो दोषही पत्करण्यात आला.

प्रारंभीच्या नमुन्यातील पडदा मात्र जरा तिरके पाहिले तरी दिसेनासा होई. यामाउचींनी तो पाहून नापसंती दर्शविली आणि प्रकल्पच रद्द होण्याची वेळ आली. अधिक रुंद कोनातून दिसणारा दुसऱ्या प्रकारचा द्रवस्फटिक पडदा योजल्यावर हे संकट टळले. स्वस्त भागाचेही एक किमान असते आणि ते वापरणाऱ्याच्या हातात यंत्र दिल्यावरच समजते, हे या प्रसंगातून दिसून आले.

चिप शार्पची, आठ बिटांची व ४.१९ मेगाहर्ट्‌झची होती. तिची आज्ञावली झायलॉग झेड८० या तेव्हाही जुन्या गणल्या जाणाऱ्या प्रक्रियकाशी मिळतीजुळती होती, तरी ती बाजारातून तयार उचललेली नव्हती. चित्र व ध्वनी यांची मंडले एकाच तुकड्यात असलेली ती खास घडविलेली चिप होती. कार्यस्मृती ८ किलोबाइट व चित्रांसाठी आणखी ८ किलोबाइट इतकीच होती. एए आकाराच्या चार पेन्सिल सेलांवर यंत्र साधारण १५ तास चाले.

गेम बॉयचे श्रेय अनेकदा एकट्या योकोई यांना दिले जाते, ते अपुरे आहे. त्यांचे सहकारी सातोरु ओकादा यांनी या यंत्राची तांत्रिक बाजू सांभाळली. योकोई यांच्या मनात गेम अँड वॉचच्या जवळ जाणारे साधे खेळणे होते, तर दीर्घकाळ टिकेल आणि बाहेरच्या विकसकांनाही खेळ लिहिता येतील असे भक्कम यंत्र व्हावे, हा आग्रह ओकादांचा होता. काटकसर योकोई यांची आणि कस ओकादांचा, असे या यंत्राविषयी म्हणता येईल.

२१ एप्रिल, १९८९ रोजी १२,५०० येन किमतीस गेम बॉय जपानमध्ये विक्रीस आला. त्याच वर्षी आलेला अटारी लिंक्स आणि १९९० मधील सेगा गेम गिअर यांना रंगीत, प्रकाशित पडदे होते. दोन्हींना सहा सेल लागत आणि ते चार-पाच तासांत संपत. अमेरिकेत लिंक्सची किंमत सुमारे १८० डॉलर, तर गेम बॉयची सुमारे ९० डॉलर होती. अमेरिकेत त्यासोबत टेट्रिस हा खेळ दिला गेला. पडणाऱ्या ठोकळ्यांना रंगांची गरज नव्हती. नंतरच्या गेम बॉय कलरसह या यंत्रांची एकूण विक्री ११ कोटी ८६ लाखांवर गेली.

व्हर्च्युअल बॉय

२१ जुलै, १९९५ रोजी आलेला व्हर्च्युअल बॉय हे योकोई यांचे मोठे अपयश मानले जाते. डोळे लावून पाहायच्या या यंत्रात प्रत्येक डोळ्यासाठी २२४ लाल प्रकाशदीपांची (एलईडी) एक रांग असे आणि थरथरणारा आरसा त्या रांगेचे पूर्ण चित्र करून दाखवी. लाल दीप स्वस्त होते व कमी वीज घेत; तेजस्वी निळा दीप नुकताच अवतरला होता आणि महाग होता. हिशेब नेहमीचाच होता, परंतु परिणाम निराळा झाला. काळ्या अंधारातील लाल रेषांनी डोळे शिणत, यंत्र टेबलावर ठेवून वाकून पाहावे लागे आणि ते ना घरचे ना प्रवासाचे अशा अवस्थेत राहिले. सुमारे ७ लाख ७० हजार नगांनंतर उत्पादन थांबले. येथे दीप मुरलेला होता, पण त्याभोवतीची प्रदर्शनपद्धती पूर्णपणे नवी होती, हा फरक या यंत्राच्या चर्चेत अनेकदा निसटतो.

अखेरची वर्षे

१५ ऑगस्ट, १९९६ रोजी योकोई यांनी निन्टेन्डो सोडली. व्हर्च्युअल बॉयच्या अपयशामुळे ते गेले असा समज आहे. स्वतः योकोई यांनी तो नाकारला होता. त्यांनी क्योटोत कोटो ही कंपनी स्थापन केली आणि बंदाई कंपनीच्या वंडरस्वान या हातातील यंत्राच्या रचनेत भाग घेतला. ४ ऑक्टोबर, १९९७ रोजी इशिकावा प्रांतातील होकुरिकू द्रुतगती मार्गावर किरकोळ अपघातानंतर ते मोटारीतून खाली उतरले असता दुसऱ्या वाहनाची धडक बसून त्यांचा मृत्यू झाला. त्या वेळी ते ५६ वर्षांचे होते. ४ मार्च, १९९९ रोजी आलेला वंडरस्वान एकाच एए सेलवर ३० तासांहून अधिक चालत असे. त्याच्यासोबत प्रकाशित झालेल्या एका खेळाला गुन्पेई हेच नाव देण्यात आले.

घरगुती रूपांतरे

जुना गेम बॉय उघडून त्यात नवे भाग बसविण्याचा छंद आज जगभर आहे. सर्वांत साध्या रूपांतरात मूळ पडद्यामागील परावर्तक थर सोलून तेथे प्रकाशपट्टी बसवितात. ध्रुवक पटल ९० अंशांनी फिरवून लावले गेल्यास चित्र उलट्या छटांत दिसते, ही नवशिक्याची नेहमीची चूक. दुसऱ्या प्रकारात फक्त कवच ठेवून आत रास्पबेरी पाय झीरो (२०१५) सारखा ६५ × ३० मिलिमीटरचा संगणक, रंगीत पडदा आणि मेमरी कार्ड बसविले जाते. मूळ बटणांखालील कार्बनचे ठिपके असलेले रबर तसेच वापरता येते. त्याखाली नवी पट्टी लागते.

पहिलेच यंत्र करणारा सहसा पडद्यापासून सुरुवात करतो. तेजस्वी पडदा आणि वेगवान संगणक घेतल्यावर वीज अधिक लागते, मोठा लिथियम सेल घ्यावा लागतो, सेलचा दाब ५ व्होल्टपर्यंत वाढविणारे मंडल लागते आणि मग कवच बंद होत नाही. सेलची जागा व हवे असलेले तास आधी ठरवून त्यात मावेल तो पडदा निवडणे, हा योकोई यांचा क्रम येथे अधिक उपयोगी ठरतो. चार पेन्सिल सेलांसाठी १९८९ मध्ये राखलेल्या खणातच या रूपांतरांतील लिथियम सेल बहुधा बसविला जातो.