ग्लेन कनिंगहॅम याचें धांवणें

आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर वाढलेल्या मुलास धांवणें शिकवावें लागत नाहीं. ओहोटी लागली कीं ओल्या, घट्ट वाळूवर मुलें आपोआप धांवूं लागतात. परंतु त्याच किनाऱ्यावरची कोरडी वाळू, जांभ्या दगडाच्या पायऱ्या आणि शेवाळ धरलेले खडक हीं पाय मुरगळण्यासही तितकींच सोईचीं आहेत. दरवर्षीं खेळांचे सामने जवळ आले कीं कोणाचा ना कोणाचा घोटा सुजतो. घरीं आंबेहळद व रक्त्याबोळ यांचा लेप बसतो, सूज उतरते, पण दुखणें मात्र महिनोन्महिने रेंगाळतें. मग मुलगा मैदानाच्या कडेस बसूं लागतो, आणि त्यास पुन्हां धांवूं द्यावें कीं नाहीं या विवंचनेंत आईबाप पडतात. अशांकरितां आम्ही येथें एका अमेरिकन धांवपटूचें चरित्र सांगण्याचें योजिलें आहे. त्याची दुखापत मुरगळलेल्या घोट्याहून फारच भयंकर होती.

ग्लेन कनिंगहॅम याचा जन्म ४ ऑगस्ट १९०९ रोजीं अमेरिकेंतील कॅन्सस राज्यांत झाला. घरची स्थिति साधारणच होती. खेड्यांतील शाळेंत थंडीच्या दिवसांत जीं मुलें आधीं पोंचत, तीं वर्ग उबदार करण्याकरितां शेगडी पेटवीत. १९१७ सालच्या फेब्रुवारींत एके सकाळीं ग्लेन व त्याचा तेरा वर्षांचा भाऊ फ्लॉइड हे असेच लवकर गेले होते. रॉकेलच्या डब्यांत कोणाच्या तरी चुकीनें पेट्रोल भरलेलें होतें. तें शेगडींत ओततांच भडका उडाला. फ्लॉइड कांहीं दिवसांनीं मरण पावला. ग्लेनला तेव्हां आठवें वर्ष चालू होतें. तो वांचला, पण त्याच्या गुडघ्यांवरचें व नडग्यांवरचें मांस जळालें, डाव्या पायाचीं सर्व बोटें गेलीं, आणि त्याच पावलाची कमान जवळजवळ नाहींशी झाली.

पाय कापावे असें डॉक्टरांचें मत पडलें, परंतु आईबापांनीं संमति दिली नाहीं. ही गोष्ट सांगतांना पुष्कळ लेखक डॉक्टरांस निर्दय ठरवितात. तें आम्हांस रास्त वाटत नाहीं. पेनिसिलिनचा शोध १९२८ सालचा. त्यापूर्वीं एवढ्या मोठ्या जखमेंत विष पसरलें तर रोगी हातचा जाई, व पाय काढून प्राण राखणें हाच शहाणपणाचा मार्ग समजला जाई. एक मुलगा नुकताच गमावलेल्या त्या आईबापांनीं केवढा धोका पत्करला, हें यावरून ध्यानीं येईल. तो पत्करल्यावर मात्र त्यांनीं हात जोडून स्वस्थ बसणें पसंत केलें नाहीं. आखडलेले स्नायु मोकळे व्हावे म्हणून तीं दोघें त्या पायांस रोज चोळीत व ताणीत. तीं थकलीं म्हणजे मुलगा स्वतः चोळीत बसे. वेदना तर असह्यच होत असत.

चालूं लागण्यास सुमारें दोन वर्षें गेलीं. प्रथम कशाचा तरी आधार घेऊन उभें राहणें, नंतर दोन पावलें, नंतर चार, असा तो क्रम होता. येथेंच एक नवल घडलें. चालण्यापेक्षां धांवतांना आपले पाय कमी दुखतात असें त्या मुलाच्या अनुभवास आलें. तेव्हां जेथें इतर मुलें चालत जात, तेथें हा धांवत जाऊं लागला. त्यास कोणी धांवपटु व्हावयास सांगितलें नव्हतें. चालणें टाळण्याकरितां तो धांवत होता, इतकेंच!

१९३० सालीं, हायस्कुलांत असतांना, त्यानें एक मैलाची शर्यत ४ मिनिटें २४.७ सेकंदांत पुरी केली व अमेरिकन शाळांतील मुलांचा उच्चांक केला. पुढें तो कॅन्सस विश्वविद्यालयांत गेला. १९३२ च्या लॉस एंजेलिस येथील ऑलिंपिक सामन्यांत १५०० मीटरच्या शर्यतींत तो चवथा आला. १९३४ सालीं प्रिन्स्टन येथें त्यानें मैल ४ मिनिटें ६.८ सेकंदांत धांवून न्यूझीलंडच्या जॅक लव्हलॉक याचा जागतिक उच्चांक मोडला.

हे आंकडे वाचून त्याचे पाय अगदीं पूर्ववत् झाले असावे असें कोणास वाटेल. तसें मुळींच नव्हतें. जळालेल्या भागांत रक्त नीट खेळत नसे. म्हणून प्रत्येक शर्यतीपूर्वीं त्यास पाय चोळून घ्यावे लागत, आणि इतरांहून पुष्कळच अधिक वेळ, कधीं तासभरसुद्धां, हळूहळू धांवून ते ऊन करावे लागत. जगांत पहिला आल्यावरही हा नेम सुटला नाहीं. आमच्या मुलांची चूक नेमकी येथेंच होते. घोटा मुरगळला म्हणजे त्याचे अस्थिबंध ताणतात किंवा फाटतात. दुखणें थांबलें तरी त्यांतील बळ व तोल सांभाळण्याची शक्ति परत आलेली नसते. मुलगा एकदम पूर्वींच्याच वेगानें धांवतो, तोच घोटा पुन्हां वळतो, आणि पहिल्यापासून सारें आरंभावें लागतें. एका पायावर स्थिर उभें राहण्याचा सराव, मग चालणें, मग सपाट जागीं थोडें थोडें धांवणें, असें चढत जावें. एवढ्यानेंही दुखणें हटलें नाहीं, तर लेपावर लेप न चढवितां डॉक्टरांस दाखवावें.

१९३६ सालीं बर्लिन येथें १५०० मीटरच्या अंतिम शर्यतींत कनिंगहॅम आणि लव्हलॉक पुन्हां समोरासमोर आले. लव्हलॉकनें शेवटच्या फेरींत, कोणाच्या ध्यानीं येण्यापूर्वीं, वेग वाढविला व ३ मिनिटें ४७.८ सेकंदांत शर्यत जिंकली. कनिंगहॅमला ३ मिनिटें ४८.४ सेकंद लागले. गंमत अशी कीं, तोंपर्यंतचा जागतिक उच्चांक ३ मिनिटें ४८.८ सेकंदांचा होता. म्हणजे हरलेल्यानेंही तो मोडलाच! त्याच महिन्यांत स्टॉकहोम येथें त्यानें ८०० मीटर अंतर १ मिनिट ४९.७ सेकंदांत तोडून नवा उच्चांक केला. १९३८ सालीं न्यूयॉर्क विश्वविद्यालयाची डॉक्टरेट त्यानें मिळविली. युद्धामुळें १९४० चे ऑलिंपिक सामने झाले नाहींत, आणि त्याच वर्षीं त्यानें शर्यतींचा निरोप घेतला.

यापुढचा भाग वर्तमानपत्रांतून फारसा आला नाहीं. आम्हांस मात्र तोच अधिक मोलाचा वाटतो. कांहीं वर्षें शिक्षकाचें काम केल्यावर त्यानें व त्याची पत्नी रूथ हिनें कॅन्ससमधील आपल्या शेतवाडीवर निराधार व वाट चुकलेल्या मुलांस आश्रय देण्यास आरंभ केला. त्याचीं स्वतःचीं बारा अपत्यें होतीं. तरी सुमारें तीस वर्षांत दहा हजारांच्या आसपास परकीं मुलें त्या घरीं राहून गेलीं असें सांगतात. तेथें घोडे व इतर जनावरें असत, आणि त्यांची निगा मुलांकडे सोंपविली जाई. खर्च भागविण्यासाठीं हा जुना धांवपटु गांवोगांव, देवळांतून व शाळांतून, व्याख्यानें देत फिरे. तो दारू व तंबाखू यांस कधीं शिवला नाहीं, आणि मुलांपुढें बोलतांना तें सांगण्यास चुकत नसे.

१० मार्च १९८८ रोजीं आर्कान्सा राज्यांत, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं, त्यास मृत्यु आला. फ्लॉइडला जाऊन तेव्हां एकाहत्तर वर्षें झालीं होतीं.