फुचिनोचा धनी

इटलीतील अब्रुझ्झीच्या डोंगरांत पूर्वी फुचिनो नावाचे विस्तीर्ण सरोवर होते. पाण्याला बाहेर वाट नसल्यामुळे ते वरचेवर फुगे, काठची शेते बुडवी आणि ओसरताना दलदल व हिवताप मागे ठेवी. रोमन सम्राट क्लॉडियसने पहिल्या शतकात डोंगर पोखरून बोगदा काढला, पण पुढे निगेअभावी तो बुजला. सम्राटाचे हे अर्धे राहिलेले काम अखेर एका पेढीवाल्याने तडीस नेले.

अलेस्सांद्रो तोर्लोनिया (१८००-१८८६) याला रोममधील पेढी वडिलांकडून लाभली होती. १८५० नंतरच्या दशकात सरोवर आटविण्यासाठी कंपनी निघाली. तिचे निम्मे भाग त्याने घेतले आणि पुढे उरलेलेही विकत घेतले. जुन्या बोगद्याच्याच मार्गावर ६ किलोमीटरहून लांब, अधिक रुंद बोगदा खणण्यात आला. मुख्य अभियंता मोंत्रिशे १८५८ साली मरण पावला, तरी काम थांबले नाही. जवळजवळ पाव शतक तोर्लोनिया स्वतःचा पैसा ओतीत राहिला. सरोवर आटले, राजाने त्याला फुचिनोचा प्रिन्स केले.

हे धाडस कोणीही मान्य करील. परंतु सुमारे १४ हजार हेक्टर सुपीक जमीन एकाच घराण्याची झाली. करारच तसा होता, तेव्हा कायद्याने त्यात वावगे काही नव्हते. कोळ्यांचा धंदा मात्र बुडाला आणि नांगर धरणारे कुळेच राहिले. तीही पुष्कळदा बड्या खंडकऱ्यांची पोटकुळे. तोर्लोनियांची ही मालकी सरकारने काढून घेतली ती १९५१ साली, अलेस्सांद्रोच्या मृत्यूनंतर ६५ वर्षांनी.